दोन रचना एकमेकींवर ठेवताना: सममित गटातील डबल कोसेटांची मोजणी

कोसेट, म्हणजे उपगटातील सगळ्या घटकांना गटातील एकाच घटकाने एका ठरलेल्या बाजूने गुणून मिळणारे संच, मोजायचे असतील तर एक भागाकार पुरतो. गटातील घटकांच्या संख्येला उपगटातील घटकांच्या संख्येने भागले की काम संपते, कारण सगळे कोसेट सारख्याच आकाराचे असतात. डबल कोसेटांची व्याख्या पहिल्यांदा वाचली तेव्हा याच सवयीने मी तीन अंकांच्या सममित गटात (म्हणजे तीन अंकांच्या सगळ्या क्रमचयांच्या, फेरमांडण्यांच्या गटात) दोन्ही बाजूंना तोच दोन घटकांचा उपगट घेतला, ६ ला २ गुणिले २ ने भागले आणि मोकळी झाले. उत्तर दीड आले. दीड डबल कोसेट असू शकत नाही, एवढे मलाही कळत होते. पण चूक नेमकी कुठे झाली हे कळायला बराच वेळ लागला, आणि ती चूक समजून घेताना जे हाती आले त्याविषयी इथे लिहिते आहे.

व्याख्या अशी आहे. एक गट घ्यावा, त्याचे प आणि फ असे दोन उपगट घ्यावेत आणि गटातील एखादा घटक क्ष निवडावा. क्ष ला डावीकडून प मधील कोणत्याही आणि उजवीकडून फ मधील कोणत्याही घटकाने गुणून जे जे मिळू शकते, त्या सगळ्याचा संच म्हणजे क्ष चा डबल कोसेट. असे दोन संच एकतर तंतोतंत एकच असतात किंवा त्यांच्यात एकही घटक समाईक नसतो, त्यामुळे गटाची वाटणी होते. मात्र ती समान वाटणी नसते. क्ष च्या डबल कोसेटाचा आकार काढताना प आणि फ यांच्या आकारांच्या गुणाकाराला आणखी एका संख्येने भागावे लागते: फ ला क्ष ने संयुग्मित केल्यावर (म्हणजे फ च्या प्रत्येक घटकाला डावीकडून क्ष ने आणि उजवीकडून क्ष च्या व्यस्ताने गुणल्यावर) जो उपगट मिळतो, त्याचे आणि प चे समाईक घटक जितके असतील, तितक्याने. ही संख्या क्ष नुसार बदलते. माझ्या उदाहरणात एका डबल कोसेटात २ घटक होते आणि दुसऱ्यात ४. दीड ही संख्या आली ती दोघांनाही ४ चाच मान दिल्यामुळे.

एवढे समजल्यावरही मोजणी सोपी होत नाही, कारण प्रत्येक क्ष साठी समाईक घटक शोधत बसणे हे गट लहान असेपर्यंतच जमते. माझ्या मते खरी सुटका तेव्हा होते, जेव्हा आपण गटाकडे पाहणे सोडून, ज्या वस्तूंवर तो गट काम करतो त्या वस्तूंकडे पाहू लागतो. सममित गटाचा उपगट बहुतेक वेळा कुठल्या तरी रचनेचा रखवालदार असतो: वस्तूंची जी रचना मांडलेली आहे ती न बिघडवणारे सगळे क्रमचय त्यात असतात. प हा एका रचनेचा रखवालदार आणि फ हा दुसऱ्या रचनेचा, असे मानले तर डबल कोसेट म्हणजे त्याच वस्तूंवर या दोन जातींच्या रचना एकाच वेळी मांडल्या असता त्यांची एकमेकींच्या संदर्भातील स्थिती होय. वस्तूंची नावे पुसून टाकल्यावरही दोन रचनांच्या परस्परसंबंधाविषयी जे काही सांगता येते, नेमके तेवढेच डबल कोसेट सांगतो. त्याहून कमी नाही आणि जास्तही नाही. डबल कोसेट मोजणे म्हणजे अशा परस्परस्थिती मोजणे, आणि हे काम संयोजनशास्त्राचे आहे.

याचे सर्वांत ठळक उदाहरण यंग उपगटांचे, म्हणजे वस्तू खोक्यांत वाटल्यावर प्रत्येक खोक्यातील वस्तू आतल्या आतच हलवणाऱ्या उपगटांचे. पाच वस्तू आहेत असे समजू. पहिल्या रचनेत त्या दोन खोक्यांत ठेवल्या आहेत, एकात ३ आणि दुसऱ्यात २. दुसऱ्या रचनेत त्यांना रंग दिले आहेत: २ लाल, २ निळ्या, १ पिवळी. पहिल्या रचनेच्या रखवालदारात ३! गुणिले २!, म्हणजे १२ क्रमचय असतात आणि दुसऱ्याच्या रखवालदारात ४. आता वस्तूंची नावे विसरून काय सांगता येईल? कोणत्या खोक्यात कोणत्या रंगाच्या किती वस्तू आहेत, एवढेच. म्हणजे दोन ओळींचा आणि तीन स्तंभांचा एक तक्ता मिळतो. त्याच्या ओळींच्या बेरजा ३ आणि २ असतात व स्तंभांच्या बेरजा २, २ आणि १. दोन मांडण्यांचे तक्ते सारखे असतील तर एकीच्या प्रत्येक चौकटीतील वस्तू दुसरीच्या त्याच चौकटीतील वस्तूंशी जुळवून नावे बदलता येतात, त्यामुळे त्या मांडण्या एकाच डबल कोसेटात पडतात. तक्ते वेगळे असतील तर कितीही नावे बदलली तरी त्या एक होणार नाहीत. शिवाय या बेरजा पाळणारा प्रत्येक तक्ता कुठल्या ना कुठल्या मांडणीतून येतोच. म्हणून डबल कोसेटांची संख्या म्हणजे ठरलेल्या बेरजा असलेल्या, ऋण नसलेल्या पूर्णांकांच्या तक्त्यांची संख्या.

पहिली ओळ ठरली की दुसरी आपोआप ठरते, म्हणून आपल्या उदाहरणात फक्त पहिली ओळ लिहून पाहावी. ती २, १, ० असू शकते. १, २, ० असू शकते. आणि पिवळी वस्तू पहिल्या खोक्यात असेल तर २, ०, १ किंवा १, १, १ किंवा ०, २, १ असू शकते. एकूण पाच. आकारही इथेच मिळतात, कारण आधी ज्या समाईक घटकांचा उल्लेख केला ते म्हणजे प्रत्येक चौकटीच्या आतल्या आत होणाऱ्या अदलाबदली. त्यांची संख्या चौकटींतील आकड्यांच्या फॅक्टोरियलांच्या गुणाकाराइतकी असते. १२ गुणिले ४, म्हणजे ४८ ला या गुणाकाराने भागले की पाच डबल कोसेटांचे आकार अनुक्रमे २४, २४, १२, ४८ आणि १२ येतात. बेरीज १२०, म्हणजे बरोबर ५!. ही बेरीज पहिल्यांदा जुळली तेव्हा मला जो आनंद झाला तो खरे तर या विषयाच्या मानाने जरा जास्तच होता, पण दीडच्या अनुभवानंतर तो क्षम्य मानावा.

संख्याशास्त्र शिकलेल्या वाचकाला हे सूत्र ओळखीचे वाटेल. डबल कोसेटाच्या आकाराला एकूण क्रमचयांच्या संख्येने भागले की मिळते ती संभाव्यता म्हणजे ओळी आणि स्तंभ यांच्या बेरजा ठरलेल्या असताना, दोन गुणधर्मांचा एकमेकांशी संबंध नाही असे गृहीत धरून, तो विशिष्ट तक्ता दिसण्याची संभाव्यता होय. रोनाल्ड फिशर यांच्या अचूक चाचणीत हीच संभाव्यता वापरतात. म्हणजे यदृच्छेने एक क्रमचय उचलून तो कोणत्या डबल कोसेटात पडला हे पाहणे आणि याच संभाव्यतांनुसार यदृच्छेने एक तक्ता उचलणे या एकाच क्रिया आहेत. मोठे डबल कोसेट म्हणजे जिथे आकडे चौकटींत पसरलेले आहेत असे तक्ते. लहान डबल कोसेट म्हणजे जिथे आकडे मोजक्या चौकटींत गोळा झाले आहेत असे.

पण तक्त्यांची ही भाषा सापडली म्हणून मोजणीचा प्रश्न सुटला असे मात्र नाही. खोकी दोनच आणि रंगही दोनच असतील तर एक चौकट ठरली की सगळे ठरते, आणि दोन्हीकडे क आणि न उणे क अशीच विभागणी असेल तर क आणि न उणे क यांपैकी लहान संख्येत १ मिळवून उत्तर येते. तीन ओळी, तीन स्तंभ आणि सगळ्या बेरजा सारख्या असतील तर पर्सी मॅकमहॉन यांचे सूत्र आहे. त्यानुसार बेरीज १ असताना ६, बेरीज २ असताना २१ आणि बेरीज ३ असताना ५५ तक्ते मिळतात. याच्या पलीकडे आकडे हाताबाहेर जातात. केसांचा रंग आणि डोळ्यांचा रंग यांच्या, ५९२ विद्यार्थ्यांच्या नोंदींवरून केलेल्या चार गुणिले चारच्या एका तक्त्याचे उदाहरण संख्याशास्त्रात प्रसिद्ध आहे. त्याच्या ओळींच्या आणि स्तंभांच्या बेरजा तशाच ठेवून किती तक्ते शक्य आहेत, याचे अचूक उत्तर पर्सी डायकोनिस आणि अनिल गंगोली यांच्या १९९५ च्या लेखात आहे: १,२२,५९,१४,२७,६७,६८,५१४. म्हणजे सुमारे सव्वाबारा कोटींना एक कोटीने गुणावे इतके डबल कोसेट, आणि तेही अवघ्या सोळा चौकटींच्या तक्त्यासाठी. ओळी आणि स्तंभ या दोन्हींची संख्या कायम ठेवली तर अलेक्झांडर बार्विनोक यांच्या १९९४ च्या पद्धतीने अशी मोजणी वाजवी वेळेत होऊ शकते; परंतु ओळी दोनच ठेवून स्तंभ वाढू दिले तरी अचूक मोजणी किती अवघड होते हे मार्टिन डायर, रवी कन्नन आणि जॉन माउंट यांनी १९९७ साली दाखवले. गणनाशास्त्रात ज्यांना शार्प-पी-पूर्ण म्हणतात त्या, मोजणीच्या अत्यंत अवघड मानल्या जाणाऱ्या प्रश्नांत हा प्रश्न मोडतो. दोन ओळींचा तक्ता इतका निरुपद्रवी दिसतो की हा निष्कर्ष मला अजूनही थोडा अन्यायकारक वाटतो.

तक्ते मोजण्याचा एक वेगळा रस्ता यंग टॅब्लोंमधून, म्हणजे ठरावीक नियमाने आकडे भरलेल्या चौकटींच्या आकृत्यांमधून जातो. डोनाल्ड क्नुथ यांनी १९७० साली दाखवले की असा प्रत्येक तक्ता सारख्याच आकृतीच्या दोन टॅब्लोंच्या जोडीशी एकास एक जुळतो, एकात ओळींच्या बेरजांची माहिती आणि दुसऱ्यात स्तंभांच्या. आपल्या पाचच्या उदाहरणात तीन आकृत्या उपयोगी पडतात आणि त्यांचा वाटा १, २ आणि २ असा येतो. हा विषय स्वतंत्र लेखाचा आहे, म्हणून इथे थांबते.

इथे एक फसवी जागा सांगायला हवी. उपगट आधी ठरवून डबल कोसेट मोजणे आणि कुठल्याही यंग उपगटांपासून मिळणारे डबल कोसेट संच म्हणून मोजणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. तीन अंकांच्या सममित गटात, लागोपाठच्या अंकांची खोकी करून मिळणारे चार यंग उपगट आहेत. त्यांच्या सगळ्या जोड्या घेऊन तक्ते मोजले तर ३३ येतात. पण त्या ३३ तक्त्यांमागचे संच लिहून काढले तर वेगवेगळे फक्त १९ निघतात, कारण एकच संच अनेक जोड्यांपासून तयार होतो. एकच घटक असलेला संच दोन्ही बाजूंना क्षुल्लक उपगट (ज्यात फक्त काहीही न हलवणारा, म्हणजे अविकारी क्रमचय असतो) घेतल्यावर मिळतो, तर पूर्ण गट सात वेगवेगळ्या जोड्यांपासून मिळतो. संच आपल्या मागच्या रचना विसरतो. तक्ता विसरत नाही.

उपगट यंग उपगटांसारखे सोयीचे नसतील तेव्हा काय करायचे? त्यासाठी एक सर्वसाधारण सूत्र आहे, आणि ते ज्या लेमापासून (साहाय्यक प्रमेयापासून) निघते त्याला बर्नसाइड यांचे नाव चिकटले असले तरी तो मुळात कोशी आणि फ्रोबेनियस यांचा आहे. फ्रोबेनियस यांच्या १८८७ च्या ज्या लेखात तो येतो तो लेख डबल कोसेटांविषयीचाच आहे, ही गोष्ट मला समर्पक वाटते. सूत्र असे: प्रत्येक चक्ररचनेसाठी (क्रमचयात कोणत्या लांबीची किती चक्रे आहेत, ती चक्ररचना) प मध्ये त्या रचनेचे किती क्रमचय आहेत ते मोजावे, फ मध्ये किती आहेत ते मोजावे, दोन्हींचा गुणाकार करावा आणि त्याला त्या चक्ररचनेच्या वजनाने गुणावे. वजन काढताना ल लांबीची म चक्रे असतील तर ल चा म वा घात गुणिले म! घ्यावा, आणि सगळ्या लांबींसाठी मिळणाऱ्या अशा संख्यांचा गुणाकार करावा. शेवटी सगळी बेरीज प आणि फ यांच्या आकारांच्या गुणाकाराने भागावी. म्हणजे भागाकार अखेर होतोच. फक्त त्याआधी बेरीज नीट करावी लागते.

आपल्या पाच वस्तूंवर हे तपासून पाहू. अविकारी क्रमचय दोन्हीकडे एक आणि त्याचे वजन १२०. एकच अदलाबदल करणारे क्रमचय खोक्यांच्या बाजूला ४, रंगांच्या बाजूला २ आणि वजन १२, म्हणून ९६. दोन स्वतंत्र अदलाबदली करणारे खोक्यांच्या बाजूला ३, रंगांच्या बाजूला १ आणि वजन ८, म्हणून २४. तीन लांबीची चक्रे रंगांच्या बाजूला नाहीतच. बेरीज २४०, भागिले ४८, उत्तर ५.

सममित गटासाठी हे सूत्र संयोजनशास्त्राच्या भाषेत पहिल्यांदा मांडले ते जे. हॉवर्ड रेडफील्ड यांनी, १९२७ साली. त्यांची कल्पना नेमकी एकमेकींवर ठेवलेल्या रचना मोजण्याची होती. तो लेख अनेक वर्षे दुर्लक्षित राहिला. जॉर्ज पोया यांचा अशाच मोजणीविषयीचा प्रसिद्ध सिद्धांत १९३७ साली आला, रोनाल्ड रीड यांनी १९५९ साली रेडफील्ड यांचा निष्कर्ष स्वतंत्रपणे पुन्हा शोधला, आणि रेडफील्ड यांचा दुसरा लेख तर त्यांच्या मृत्यूनंतर १९८४ साली छापला गेला. डबल कोसेट हा शब्द बाजूला ठेवून थेट रचनांकडे पाहण्याची जी दृष्टी मला इतक्या उशिरा मिळाली, ती त्या १९२७ च्या लेखात होतीच.

या सूत्राचा मला सर्वांत आवडणारा उपयोग चक्रीय उपगटांवर होतो. व ही मूळ संख्या घ्यावी आणि व वस्तू एका वर्तुळावर ठरावीक दिशेने मांडाव्यात. वर्तुळ फिरवणारे व क्रमचय हा या रचनेचा रखवालदार. अशी दोन वर्तुळे एकमेकांवर ठेवली तर किती परस्परस्थिती शक्य आहेत? अविकारी क्रमचयाचा वाटा व! इतका. बाकीचे सगळे व लांबीची चक्रे आहेत, प्रत्येक बाजूला व उणे १, आणि वजन व. बेरजेला व च्या वर्गाने भागले की उत्तर येते: (व − १)! आणि (व − १) चा वर्ग यांच्या बेरजेला व ने भागून मिळणारी संख्या. व = ५ असताना २४ आणि १६ मिळून ४०, भागिले ५, म्हणजे ८. त्यांपैकी चार डबल कोसेट ५ घटकांचे आणि चार २५ घटकांचे, एकूण २० आणि १०० मिळून १२०. व = ७ असताना १०८. आता उत्तर ही कशाची तरी मोजणी असल्यामुळे ती पूर्ण संख्याच असली पाहिजे, आणि (व − १) च्या वर्गाला व ने भागले तर बाकी १ उरते. म्हणून (व − १)! मध्ये १ मिळवल्यावर व ने नि:शेष भाग गेलाच पाहिजे. हा विल्सन यांचा प्रमेय. संख्याशास्त्राची नव्हे तर अंकगणिताची एक जुनी गोष्ट वर्तुळे एकमेकांवर ठेवताना हाती लागते, याची अपेक्षा मी केली नव्हती.

जोड्यांची रचना याहूनही देखणी आहे. २न बिंदूंच्या न जोड्या लाल रेषांनी जोडाव्यात आणि त्याच बिंदूंच्या दुसऱ्या न जोड्या निळ्या रेषांनी. प्रत्येक बिंदूपाशी एक लाल आणि एक निळी रेषा येते, म्हणून लाल, निळी, लाल, निळी असे चालत गेले की आपण सुरुवातीच्या बिंदूपाशी परततो. सगळे चित्र सम लांबीच्या बंद फेऱ्यांत मोडते. लाल आणि निळी रेषा एकाच जोडीवर पडली तर ती सर्वांत लहान, दोन लांबीची फेरी. फेऱ्यांच्या लांबींची निमपट घेतली की न चे एक विभाजन, म्हणजे क्रम न पाहता न ला धन पूर्णांकांच्या बेरजेत मांडण्याची एक रीत मिळते, आणि परस्परस्थितीविषयी याहून अधिक काहीच उरत नाही. म्हणून डबल कोसेटांची संख्या न च्या विभाजनांइतकी असते. सहा बिंदूंवर जोड्या लावण्याच्या १५ रीती आहेत; एक लाल रीत धरून ठेवली तर निळ्या रीतींपैकी १ तिच्याशी पूर्ण जुळते, ६ एका जोडीत जुळतात आणि ८ एकाही जोडीत जुळत नाहीत. लाल रीतीच्या रखवालदारात ४८ क्रमचय असल्यामुळे डबल कोसेटांचे आकार ४८, २८८ आणि ३८४, आणि बेरीज ७२०.

जोड्यांचे हे उदाहरण आणि खोक्यांचे तक्ते एकमेकांना भेटतात ते नावे नसलेल्या खोक्यांत. जोडी म्हणजे दोन वस्तूंचे खोके, फक्त कोणते खोके पहिले आणि कोणते दुसरे हे ठरलेले नाही. त्यामुळे तक्ता तोच राहतो, पण त्याच्या ओळी आपसांत आणि स्तंभ आपसांत हलवून मिळणारे तक्ते एकच मानावे लागतात. बेरीज २ असलेले तीन गुणिले तीनचे २१ तक्ते अशा रीतीने ६, ९ आणि ६ च्या तीन गटांत जातात. ३ ची विभाजनेही तीनच.

मग नऊ वस्तूंची तीन-तीनची तीन खोकी केली आणि नावे पुसली तर? मॅकमहॉन यांच्या ५५ तक्त्यांना ओळी आणि स्तंभ हलवून एकत्र आणायचे आहे, आणि हे मी एका रिकाम्या दुपारी कागदावर केले. ज्यात सगळे तीन एकेका चौकटीत आहेत असे ६ तक्ते. सगळ्या चौकटींत एक असलेला १ तक्ता. एका चौकटीत तीन आणि उरलेल्या चार चौकटींत दोन-एक, एक-दोन असे १८. प्रत्येक ओळीत आणि प्रत्येक स्तंभात दोन, एक आणि शून्य असे १२. आणि एक ओळ एक-एक-एक अशी, तर उरलेल्या दोन ओळी एकमेकींना पूरक असे १८. पाच गट, म्हणजे पाच डबल कोसेट. नऊ वस्तूंची अशी वाटणी करण्याच्या रीती २८०, आणि एक वाटणी धरून ठेवली तर बाकीच्या तिच्या संदर्भात वरच्याच क्रमाने १, ३६, २७, ५४ आणि १६२ अशा विभागल्या जातात. पहिल्या प्रयत्नात माझी बेरीज २२६ आली होती, कारण बारा तक्त्यांचा गट मी सरळ विसरले होते. नेमके ५४ कमी पडले तेव्हा तो सापडला.